हन्ना आधी जेवली

कोल्हापूर

लाडक्या लेकीस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

महिला मंडळात ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन घेणार म्हणालीस. प्रेषित पौलाच्या पत्रातलं, फिलिप्पैकरांस 4:4. घे, पण दोनच वचनं वर जाऊन सुरुवात कर. तिथे युवदीया आणि सुंतुखे या दोघींना पौल एकचित्त व्हा म्हणून विनवतोय. दोघींनी सुवार्तेच्या कामात त्याच्याबरोबर खस्ता खाल्लेल्या, आणि आता एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. आनंद करा हे त्याच मंडळीला सांगितलंय. तुमच्या मंडळातही कुणाचं तरी कुणाशी बिनसलेलं असेलच, तेव्हा एवढं सांगितलंस की ऐकणाऱ्या सावरून बसतील.

मग मूल होत नसलेल्या हन्नाकडे वळ आणि वेळ तिलाच दे. 1 शमुवेल, पहिला अध्याय, 28 वचनं. मोठ्यानं, सावकाश वाच. सवत टोचून बोलते, ही रडते, जेवत नाही. नवरा एलकाना विचारतो, मी तुला दहा मुलांपेक्षा बरा नाही का? बायकांना हे वाक्य बरोबर कळेल, समजावत बसू नकोस. पुढे शिलोतल्या मंदिरात प्रार्थना करताना तिचे नुसते ओठ हलतात, आवाज नाही, आणि एली याजक तिला प्यालेली समजतो.

अठराव्या वचनाशी थांब. ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. दिवस राहायचे होते, अजून रामा या आपल्या गावी घरीही पोचायची होती. हिनं काय मागितलं हे एलीलासुद्धा ठाऊक नव्हतं. ‘शांतीनं जा, देव तुझी विनंती मान्य करो’ एवढंच तो म्हणाला. मन देवापुढे ओतून झालं होतं आणि घास घशाखाली उतरला. विश्वासातला आनंद म्हणजे काय, हे मला या एका ताटाइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

इथेच लोक घसरतात. ‘प्रार्थना केली, मूल झालं, म्हणून आनंद’ असं सांगून मोकळे होतात. समोर एखादी बाई लग्नाला बारा वर्षं होऊन रिकाम्या ओटीनं बसलेली असते, जिला प्रत्येक बारशाला कुणीतरी ‘तुझं कधी?’ विचारलेलं असतं. तिला त्या उपदेशातून एवढंच ऐकू येतं की आपला विश्वास कमी पडला. तसं होऊ देऊ नकोस.

दुसऱ्या अध्यायातलं गीत, पहिली दहा वचनं, हन्नानं म्हटलं ते नवसानं झालेलं, दूध तुटलेलं लेकरू, शमुवेल, देवाच्या सेवेला शिलोत ठेवून जाताना. आपल्याकडे बायका जात्यावर बसून ओवी म्हणायच्या, हाताला घट्टे पडलेले असायचे तरी. त्यातलंच हे. गीतात ती म्हणते वांझेला सात झाली. तिची स्वतःची मोजलीस तर शमुवेल, नंतरचे तीन मुलगे, दोन मुली, सहाच भरतात. ती आपला हिशेब मांडत नव्हती, देवाची थोरवी गात होती. शमुवेलाचं नावही त्या गीतात नाही. आणि दर वर्षी ती त्याला एक छोटा झगा शिवून न्यायची. आणखी किती वाढला असेल, अंदाजानंच बेतायचा ना! आठवण आणि आनंद एकाच सुईत ओवलेले.

येशूची आई मरिया हिचं गीत (लूक 1:46 ते 55) शेजारी ठेवून वाच. भुकेले तृप्त झाले, बलवान खाली आले, ओळीला ओळ लागते. मात्र मरियेला ते सुचलं तिच्या नात्यातल्या अलीशिबेच्या दारात, म्हणून वाचन 39 पासून धर. हरवलेलं नाणं सापडल्यावर मैत्रिणी-शेजारणींना हाक मारणारी बाई, लूक 15, वेळ उरला तरच.

कुणाला रडू आलं तर गाणं लगेच सुरू करू नकोस. नवरा आणि मुलगे गमावलेली नामी बेथलेहेमात परतली तेव्हा ‘मला मारा (म्हणजे कडू) या नावानं हाक मारा’ म्हणाली, आणि तिला कुणी गप्प केलं असं रूथच्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पाण्याचा तांब्या जवळ असू दे. गीत सगळ्यात शेवटी, बसूनच म्हणा, पेटी नसली तरी चालेल.

मंडळीतल्या सगळ्यांना सलाम सांग.

तुझी,
आई