माझं ऑपरेशन झालं, आता बाबांचा नंबर

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबांची रेंज जाते. आईशी अर्धा तास बोलणं होतं, गाय कधी विणार, वाड्यावर कुणाचं ठरलं, कुणाचं मोडलं, सगळं खणखणीत ऐकू येतं, आणि जरा बाबांना दे म्हटलं, हर्निया शब्द काढला की हॅलो हॅलो सुरू. म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे. बाबा, चष्मा लावून तुम्ही स्वतः वाचा, आईकडून वाचून घेऊ नका, ती मधलं मधलं गाळते आणि स्वतःचं घालते.

आई पणजीला माझ्याजवळ राहून गेली त्यामुळे तिने सगळं डोळ्यांनी बघितलंय, पण घरी येऊन तिने काय सांगितलं असेल ते मला इथे बसून दिसतंय. पोरीचे हाल हाल झाले, पोट फाडलं, आत प्लास्टिक घातलं, आणि हे सगळं त्या मेल्या पळण्यापायी. वाड्यावर आता हेच चालू असणार. तर माझ्या तोंडून ऐका.

लांबचं रनिंग झालं की उजव्या जांघेत ओढल्यासारखं व्हायचं. कदंब पठाराच्या चढावर सायकलवर उभं राहून पेडल मारलं की जास्त. सकाळी काही नसायचं, संध्याकाळी तिथे बोटाच्या पेराएवढा फुगवटा लागायचा हाताला आणि आडवं पडलं की गायब. आधी जिथे दाखवलं तिथे स्नायू ओढला गेलाय म्हणून सांगितलं, स्ट्रेचिंग दिलं, ते केलं की अजून दुखायचं. बायकांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे म्हणे. १०० पुरुषांतल्या साधारण २७ जणांना जन्मात कधीतरी जांघेतला हर्निया होतो आणि १०० बायकांत तिघींना, त्यामुळे बाईची जांघ दुखली तर हर्निया कुणाच्या डोक्यातच येत नाही. शेवटी एका सर्जनने उभं करून खोकायला लावलं, मग सोनोग्राफीत पण तसंच, जोर करा, खोका, आणि पोटाच्या भिंतीतल्या भोकातून आतलं ढकलत बाहेर येताना पडद्यावर मला पण दिसलं, हाच हर्निया.

आता बाबा, इथे नीट वाचा. डॉक्टरांनी विचारलं घरात कुणाला आहे का, मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात आई शेजारून म्हणाली, "ह्यांना आहे की. कधीपासून बेल्ट लावतात." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझी केस राहिली बाजूला, पुढची दहा मिनिटं तुमचीच चौकशी. वय काय, किती वर्षं आहे, आत जातो का, रात्री लघवीला किती वेळा उठतात. आईला सगळं पाठ. आणि मला तेव्हा एकदम आठवलं की तुम्ही खोकायला लागलात की डावा हात पोफळीला आणि उजवा हात खिशात जातो. मला ती तुमची स्टाईल वाटायची लहानपणापासून! आत हात दाबून धरायचात तुम्ही. मी पण तेच करत होते, लेगिंगला खिसा नाही एवढंच.

मुलीने बापाला जांघेबद्दल लिहायचं म्हणजे तुम्हाला अवघडल्यासारखं होणार, मला पण होतंय, पण दादा लिहिणार नाही आणि आई बोलली तर तुम्ही ऐकणार नाही.

तर ऑपरेशन. पोट फाडलेलं नाही. बेंबीजवळ एक आणि खाली दोन अशी तीन छोटी भोकं, त्यातून दुर्बीण आणि अवजारं. आपल्या वरच्या तळीच्या बांधाला खेकडे भोक पाडतात तेव्हा तुम्ही बाहेरून माती थापत बसत नाही, आतून पाण्याच्या बाजूने लावता, म्हणजे पाण्याचा दाबच ती जागेवर धरून ठेवतो. अगदी तेच केलंय. पोटाच्या भिंतीला आतल्या बाजूने साधारण १० बाय १५ सेंटीमीटरची जाळी, पोटाचाच दाब तिला भिंतीवर दाबून ठेवतो आणि काही आठवड्यांत मांस तिच्या छिद्रांतून वाढून ती भिंतीचाच भाग होते. आईचं ते प्लास्टिक म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, त्याच्याच दोऱ्याने सर्जन लोक टाके पण घालतात, नवीन काही नाही त्यात. जाळी यायच्या आधी भोकाच्या कडा ओढून शिवून टाकायचे, बासिनी नावाच्या इटालियन सर्जनने १८८० च्या दशकात ती पद्धत बसवली, पण ओढून शिवलेलं परत फाटायचं. आपल्या आजोबांचं परत आलं होतं म्हणता ना, त्यांचं तसंच शिवलेलं असणार.

आणि दुर्बिणीचा एक फायदा असा झाला की आत बघितल्यावर जरा खाली, मांडीत जाणारी मोठी रक्तवाहिनी जिथून जाते त्याच्या बाजूला, अजून एक बारीक हर्निया सापडला जो सोनोग्राफीत आलाच नव्हता. हा दुसरा प्रकार बायकांत जास्त आणि त्यात आतडं अडकायची भीती पण जास्त. म्हणूनच बायकांना थांबून बघू असं सहसा सांगत नाहीत. एकाच जाळीखाली दोन्ही झाकले गेले.

जाग आल्यावर घसा खरखरत होता नळीमुळे, आणि पोटापेक्षा खांदा दुखत होता. आई घाबरली, हिला टेबलावरून पाडली की काय, आणि खोबरेल तेल घेऊन खांदा चोळायला बसली. ते पोट फुगवायला आत गॅस सोडतात त्याचं दुखणं. गॅस पोटाच्या वरच्या पडद्याला टोचतो आणि त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. एकदोन दिवसांत जातं. तेल चोळून गेलं असं आई सांगते, सांगू दे.

त्याच संध्याकाळी मला उठवून चालवलं. उठायचं कसं तर सरळ नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि कोपरावर जोर देऊन बसायचं. खोकला आला की उशी पोटावर घट्ट धरायची. पहिली शिंक आली तेव्हा मात्र देव आठवले, ते मी खोटं नाही सांगणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुंथायचं नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, त्यावर इसबगोल, भरपूर पाणी, आईची उकड्या तांदळाची पेज आणि सकाळी पोदेराकडचा कोंड्याचा पाव, पोई. जांघेच्या आसपास काळंनिळं झालं होतं, ते पिवळं होत होत आपोआप गेलं.

आठवड्याभरात मी लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत होते. कंटाळा मात्र प्रचंड आला. तुम्हाला माहीत आहे मी बसणारी नाही. कांपालच्या फुटपाथवरून म्हाताऱ्या माणसांबरोबर चालायचं आणि समोरून आमच्या ग्रुपची पोरं पळत जायची, हात हलवायची, मनात शिव्या यायच्या. मग घरातली उभी सायकल, हलक्या पेडलने. पोहणं जखमा पूर्ण सुकल्यावरच. आणि डॉक्टर हो म्हणाल्यावर मिरामार ते दोनापावल असं सावकाश पळणं, पळणं कसलं, वाटेतल्या कुत्र्याने पण भुंकायची तसदी घेतली नाही. पूर्वी ज्या वेगाला नाडी शांत असायची त्या वेगाला आता धाप लागत होती, मनगटावरचं घड्याळ रोज अनप्रॉडक्टिव्ह म्हणून तोंडावर सांगायचं, शेवटी मी ते फीचर बंदच केलं. जाळी आत जाणवत नाही. भोकाच्या जागी अधूनमधून टोचतं आणि तिथली थोडी कातडी बधिर आहे. दहातल्या एखाद्याला पुढे बरेच महिने दुखत राहतं हे पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, सगळं गोडगोड नाही सांगितलं, आणि मला ते आवडलं. मला तसं काही राहिलेलं नाही.

यावर्षी गोव्यातल्या आयर्नमन ७०.३ ला, म्हणजे अर्ध्या आयर्नमनच्या शर्यतीला, भाग घेतला नाही. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं, एवढं करायला पोट तयार नव्हतं. मिरामारला पाण्याच्या टेबलावर उभी राहून ग्लास वाटले, अर्ध्या लोकांनी डोक्यावर ओतून घेतले. पुढच्या वर्षी जाणार आहे. हे वाक्य आईसाठी आहे, बाबा, तुम्ही पुढे चला.

आई, पळण्यामुळे झालं असं तू सगळ्यांना सांगतेस ते आता बंद कर. जन्मापासून तिथे वाट कमकुवत असते, घराण्यात असतं, वर जुना खोकला, बद्धकोष्ठता, लघवीला जोर करणं यांनी वाढतं. नुसतं पळून होत असतं तर आजोबांना कसं झालं, ते बस चुकली तरी पळत नसत. आणि पुढे मुलंबाळं व्हायला जाळीचा त्रास नाही, विचारून घेतलंय, तू दारामागे डॉक्टरांना विचारत होतीस ते मी ऐकलं. लग्नाचं नंतर बोलू.

बाबा, तुम्ही एकच प्रश्न विचारला होता सगळ्यात, सूर्यकुमारला झालं तेच का हे. नाही. त्याचं २०२५ च्या जूनमध्ये म्युनिकला झालं ते स्पोर्ट्स हर्नियाचं, त्याला नाव हर्निया असलं तरी बाहेर काही येत नाही, जांघेजवळचे स्नायू आणि त्यांचे दोर फाटतात. सप्टेंबरमध्ये तो आशिया कप जिंकून मोकळा. तुमचं आणि माझं खरंखुरं भोक आहे.

आता तुमचं. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं की त्यांना जास्त त्रास नाही, तसंच राहू दिलं तर? तर ते म्हणाले, पुरुषाला त्रास नसेल तर थांबता येतं, त्यावर अमेरिकेत सातशेच्या वर पुरुषांवर अभ्यास झालाय, २००६ साली छापून आला. थांबलेल्यांपैकी अचानक आतडं अडकलं असे अगदी थोडे. हे ऐकून तुम्ही खूश होणार म्हणून पुढचं पण सांगते. त्याच लोकांना दहा वर्षांनी बघितलं तर बहुतेकांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं होतं, ६५ च्या वरच्यांत तर ७९ टक्क्यांनी, आणि मुख्य कारण दुखणं. म्हणजे करायचंच आहे तर सत्तरीत शिरण्याआधी, अंगात ताकद असताना का नको? आणि तुमचं त्रास नाही या खात्यात बसतच नाही. आई म्हणते हल्ली तो खाली उतरतो, झोपलं तरी लगेच जात नाही, हाताने ढकलावा लागतो, आणि तरी तुम्ही सुपारीची पोती उचलता. बेल्टने भोक बुजत नाही बाबा, बाहेर येणारं नुसतं दाबून ठेवतो तो. म्हापशाच्या मेडिकलवाल्याने काहीही सांगितलेलं असो.

तुम्हाला कदाचित दुर्बिणीचं करायची गरज पण पडणार नाही. जांघेवर छोटी चीर देऊन जाळी बसवतात, त्याला पूर्ण भूल लागत नाही, कमरेतून देतात, कधी तर तेवढाच भाग बधिर करून होतं. चालत घरी याल. पण आधी लघवीचं दाखवायचं, रात्री चार वेळा उठणं हे प्रोस्टेटचं असू शकतं, ते तसंच ठेवून हर्निया शिवला तर परत जोर करून तिथेच याल. आणि बिडी आजपासून बंद, कारण खोकला.

तोपर्यंत एक गोष्ट आई आणि दादा दोघांनी पाठ करा. गाठ एकदम कडक झाली, आत जाईना, दुखायला लागली, उलटी झाली, तर ढकलत बसायचं नाही, काढा नाही, शेक नाही, १०८ ला फोन. आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडला तर हातात थोडेच तास असतात, आणि आपल्या गावातून वाळपई आणि तिथून बांबोळीचं मोठं हॉस्पिटल हे रात्रीच्या वेळी किती लांब आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

मला तुमचं वेळापत्रक माहीत आहे. आधी सुपारी, मग शिगमो, मग काजू, मग पाऊस, पावसात कोण ऑपरेशन करतं, मग चवथ, मग परत सुपारी. म्हणून मी विचारत नाहीये. दादाशी बोलून झालंय, तो गाईंचं आणि पाण्याचं बघेल, सुपारी पाडणाऱ्या पाडेलीला पण त्यानेच सांगून ठेवलंय. पुढच्या सोमवारी सकाळच्या कदंब बसने दोघं या, मी पणजी स्टँडवर असेन, तिथून गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, सर्जरीच्या ओपीडीला. सरकारी आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड, आधार आणि बीपीच्या गोळ्यांचं पाकीट घ्या. आई, कार्ड लोखंडी कपाटात वरच्या खणात लग्नाच्या अल्बमखाली आहे, मागच्या वेळी शोधून दमलीस तसं करू नको. येताना थोडे उकडे तांदूळ पण आण, इथले शिजत नाहीत. बाबा, बेल्ट आणू नका.

तुमची,
बाय