स्की सहल: व्हरमाँट नाही तर क्वेबेक

मंडळी, व्हरमाँटमध्ये बर्फाने दगा दिला तर कॅनडातल्या क्वेबेकला जायचं ठरतंय. मुक्काम क्वेबेक सिटीत. तिथून माँ-सेंत-ॲन हे स्कीचं ठिकाण सुमारे ४० किलोमीटर, ल मासिफ हे दुसरं तासाभरावर. ल मासिफला माथ्यापासून पायथ्यापर्यंत ७७० मीटरची उतरण आणि समोर सेंट लॉरेन्स नदी! खरं सांगायचं तर मूळ बेतापेक्षा हाच बरा. नवशिक्यांनी मात्र माँ-सेंत-ॲनलाच स्कीइंग करावं. पारा उणे २० च्याही खाली जातो, कपडे तसेच घ्या.

भारतीय पासपोर्ट आहे पण ग्रीन कार्ड नाही, त्यांना कॅनडाचा व्हिसा लागेल. अर्ज आत्ताच करा. अमेरिकेत परतायची कागदपत्रंही तपासा. हॉटेल रद्द करता येईल असंच घेणार आहोत, तेव्हा रविवारपर्यंत नावं कळवा.