हत्तीला नाणी नकोत, पाणी द्या

वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर १९९८च्या अधिसूचनेने बंदी आली. हत्ती त्या यादीत नव्हता, म्हणून सर्कशीच्या गाड्यांबरोबर तो पुढेही फिरत राहिला. आजही उन्हाळ्यात माहूत हत्तीला घेऊन रस्त्याने चालताना दिसतात. सोलापुरात पारा ४२च्या पुढे जातो तेव्हा डांबर ६० अंशांपर्यंत तापते आणि तळव्याची कातडी भाजते. सतत कठीण जमिनीवर उभे राहिल्याने नखांभोवती भेगा पडतात. त्यात खडे आणि शेण अडकून पू होतो. हे दुखणे आतून हाडापर्यंत गेले की बरे होणे फार अवघड. म्हणून पाय रोज धुऊन भेगा तपासायलाच हव्यात. हत्तीला माणसासारखा घाम येत नाही. तो कान हलवून आणि अंगावर पाणी-चिखल उडवून अंग थंड करतो.

मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा आणि शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. आपल्याकडे कडबा आणि उसाचे वाढे सहज मिळतात, पण नुसता कोरडा कडबा आणि कमी पाणी दिले तर आतड्यात गोळा अडकून पोट फुगते. हिरवा चारा जास्त, कडबा कमी, असेच द्यावे.

सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हत्तीला डांबरी रस्त्यावर चालवू देऊ नये, अशी महापालिका आणि वनविभागाला कळकळीची विनंती. दारात हत्ती आला तर नाणे नको, दोन-तीन बादल्या पाणी ठेवा आणि झाडाची सावली दाखवा.

— एक वाचक, सोलापूर