निंबाच्या वयाचा पुरावा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय. आपल्या बागेच्या सुशोभीकरणाचा आराखडा आलाय. कारंजं, पेव्हर ब्लॉकची वाट, ओपन जिम. त्यासाठी मधली चिंच आणि फाटकाजवळचा कडुनिंब तोडायचा प्रस्ताव आहे. दोन्ही खोडांवर नोटीस डकवलीय, हरकतीला सात दिवस.

बाग केवढी, तुला ठाऊकच आहे. सोलापूरच्या हुतात्मा बागेसारखं तिला नाव नाही, शेजारी भुईकोट किल्ला नाही. बैठकीत एक जण म्हणाला, "इथं कसला आलाय वारसा?" ते मला फार लागलं. सोलापूर मागावरच्या आणि मिलमधल्या माणसांनी उभं केलं. १८७७ ची जुनी मिल बंद पडली, भोंगा थांबला. पण पाळी सुटल्यावर आपल्या गल्लीतली माणसं ज्या सावलीत बसून भाकरी सोडायची, ती सावली अजून जागेवर आहे. त्यांच्या आठवणीची दुसरी कुठली खूण उरलीय सांग.

आणि ती सावली नुसती आठवणीपुरती नाही. आजही दुपारी निंबाखाली बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसतात. कात्रीनं पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळून तोंड दुमडायचं. हात थांबत नाहीत आणि बोलणंही थांबत नाही, अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा घरी पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून त्या इथं येतात. कारंज्याची सावली पडते का रे?

चिंचेबद्दल प्रस्तावात लिहिलंय, "पोकळ, धोकादायक". ढोली आहे हे खरं, पिंगळ्यांची जोडी तिथंच राहते. पण झाडाचा वाढता भाग सालीलगत असतो, गाभ्याचं लाकूड तसंही निर्जीवच. गाभा पोकळ झालेलं झाड पुढंही अनेक वर्षं उभं राहतं. भोवतीचं लाकूड किती जाड आणि घट्ट उरलंय ते तपासायला हवं, ते कुणी तपासलेलंच नाही. खरा घात केलाय तो बुंध्यापर्यंत ओतलेल्या सिमेंटनं. पाणी शोषणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या फूट-दोन फुटांतच जास्त असतात, त्यांनाच आपण झाकून टाकलं. आधी ते सिमेंट फोडून माती मोकळी करा, एवढंच माझं मागणं आहे.

कायदा आपल्या बाजूनं आहे. झाडं जपण्याचा राज्याचा कायदा १९७५ चा. त्यात २०२१ ला दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडाला 'हेरिटेज वृक्ष' म्हणून मान मिळाला. तोडायची परवानगी मिळालीच, तर झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची, असंही त्यात आहे. पण साठ वर्षांच्या निंबाच्या बदल्यात साठ रोपं लावली, तरी आपल्या या कोरड्या गावात ती जगवायची कुणी? आणि जगली तरी या बायकांना त्यांची सावली कधी मिळायची?

आता तुझं काम. निंब पन्नाशीच्या पुढचा आहे, याचा पुरावा हवाय. छातीच्या उंचीवर दोरी लावून निंबाचा घेर मोजलाय, पण माती-पाण्यावर वाढ कमी-जास्त होते, त्यामुळं घेरावरून अंदाजच निघतो. तुझ्या आत्याच्या लग्नाचा मांडव बागेत पडला होता. त्या फोटोत वऱ्हाडामागं हाच निंब दिसतो, चांगला दुमजली उंच. तो अल्बम काकूंच्या ट्रंकेत असेल. फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करून पाठव, मागं स्टुडिओचा शिक्का नाहीतर तारीख असेल तर फार बरं. आणि काकूंना विचार, त्या लग्न होऊन गल्लीत आल्या तेव्हा झाड केवढं होतं. सांगतील ते कागदावर लिहून त्यांची सही घे. शुक्रवारपर्यंत माझ्या हातात पडायला हवं.

तुझा दोस्त