ठाण्याचा बाजार

प्रिय मीनल,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "आता गोखले रोडला कोण जातं गं? सगळे मॉललाच जात असतील." फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

जातात, भरपूर जातात. परवाच नणंदेच्या लग्नाच्या साड्या तिथेच घेतल्या. दुकानातले काका पांढऱ्या चादरीवर घड्या मोडत राहिले, ढीग लागला तरी कपाळावर आठी नाही. "ताई, उन्हात नेऊन रंग बघा," म्हणाले आणि माझ्याबरोबर दारापर्यंत आले. फॉल-पिको शेजारच्या गाळ्यात, मॅचिंग ब्लाऊजपीस समोर. हे मॉलमध्ये मिळत नाही.

पण मॉलला नावं ठेवणार नाही. आईचे गुडघे गेल्यापासून स्टेशनजवळच्या जांभळी नाक्याच्या बाजारात तिला नेता येत नाही. बसायला जागा नाही आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह शोधून सापडत नाही. मॉलमध्ये लिफ्ट आहे, बाक आहेत, ती तासभर आरामात फिरते. एवढी साधी सोय जुन्या बाजारात व्हायलाच हवी होती.

आपल्या लहानपणी पोखरण रोडला कारखान्यांचे भोंगे होते. ते एकेक करून बंद पडले. जेकेग्रामला रेमंडची गिरणी होती, तिथे आता टॉवर आहेत. टॉवरमधल्या माणसांकडे गाड्या आल्या आणि त्यांच्यासाठी हायवेलगत मॉल आले: २००९ मध्ये कोरम, २०१३ मध्ये विवियाना (आता त्याचं नाव लेकशोर). महिन्याचं सामान डीमार्टमधून, राहिलेली कोथिंबीर-दूध दहा मिनिटांत दारात. घोडबंदरच्या नव्या संसारांना वाण्याची वही माहीतच नाही.

जुना बाजार मात्र गाडीवर नाही, पायांवर वाढला. १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली आगगाडी इथे आली, तेव्हापासून माणूस स्टेशनात उतरतो आणि घरी जाता जाता खरेदी करतो. लोकलमधून उतरलेली बाई निवडलेली मेथी घेते, गजरा घेते, मुलाची वही घेते. मॉल आले तरी हा बाजार टिकला तो या येण्याजाण्यावर, असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच मला काळजी आहे ती मेट्रोची. वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ तीन हात नाका, माजिवड्यावरून घोडबंदरला जाते, जुन्या स्टेशनला शिवतही नाही. आज घोडबंदरची माणसं लोकलमधून उतरून बस-रिक्षा पकडायला बाजारातूनच जातात. उद्या ती परस्पर घरी जातील. साडीवाल्या काकांकडे लोक मुद्दाम येतील, पण मेथीवालीकडे मुद्दाम कोण येणार?

फेरीवाल्यांचं तर आधीच अवघड झालंय. २०१७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे स्टेशनपासून दीडशे मीटरमध्ये बसता येत नाही. चेंगराचेंगरी टाळायला ते गरजेचंच आहे, पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात त्यांना जागा नेमून द्यायचंही लिहिलंय. मेट्रोच्या स्टेशनांखाली आत्ताच ओटे आखून द्यावेत, स्वच्छतागृहासकट. आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या सह्या घेऊन महापालिकेला अर्ज देतेय. मसुदा पाठवते, तुझ्या वकिली नजरेखालून घाल आणि लगेच कळव.

तुझी,
वैशू