बाबा, तुमच्यासाठी एक टेबल रिकामं आहे

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर बाबा दोन वाक्यांत "बरं, ठेवतो" म्हणतात आणि आई स्पीकर लावून शेजारच्या काकूंनाही ऐकवते. शिवाय उभी नोकरी पंचायत समितीत काढलेल्या माणसाला लेखी आलेलंच जास्त पटतं.

आधी मामांचं बघू. परवा स्थळवाल्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" मामांनी "मास्तर होतोय" एवढंच सांगितलं आणि कसला ते चहाबरोबर गिळून टाकलं, असं आक्का म्हणाली. मामांना सांगा, पुढच्या वेळी पूर्ण वाक्य बोला. मुलगा बी.एड. स्पेशलच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे, बौद्धिक अक्षमता हा त्याचा विषय आहे, परीक्षा झाली की भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी होईल आणि त्या नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही. एवढं ऐकून ज्यांना उठून जायचं असेल त्यांना चहा तरी सुखाने पिऊ दे.

बाबा, नोकरीबद्दल तुम्ही विचारत नाही, पण पेपरातली जाहिरात कापून ठेवता, हे आईने सांगितलंय. म्हणून सरळ सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली साध्या शाळांमधल्या विशेष शिक्षकांचा विषय हातात घेतला. त्यानंतर जे प्रमाण ठरलं ते असं: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक शिक्षक, वरच्या वर्गांना पंधरामागे एक. २०२२ पासून आपल्या राज्यात दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभागही आहे. म्हणजे कागदावर जागा आहेत. प्रत्यक्षात यातले कितीतरी लोक वर्षानुवर्षं कंत्राटी म्हणून राबतात, तेव्हा मीही आधी तसाच लागेन. तुम्हाला मी एमपीएससी करायला हवा होतो, ते मला ठाऊक आहे. त्यावर वाद घालत नाही.

मी इकडे वळलो कसा, ते मात्र तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. बी.ए.ला असताना एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत होतो, तेव्हा तुमची समजूत होती की पोरं हिवाळ्यात सहलीला जातात. वर्षाला १२० तास भरावे लागतात आणि शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. आमचं शिबिर माण तालुक्यात होतं. सकाळी समतल चर खणायचे आणि दुपारी घरोघर सर्वेक्षण. मी गटप्रमुख होतो, म्हणजे काय तर फॉर्मची पिशवी माझ्या खांद्यावर. फॉर्मात एक रकाना होता, शाळाबाह्य मुले. एका घरी आजोबांनी "नाहीत" सांगितलं, मी तसं लिहिलं आणि आम्ही निघालो. गल्लीच्या वळणावर त्या घरची सून मागून आली. कडेवर नऊएक वर्षांची मुलगी, पाय कात्रीसारखे एकमेकांत गेलेले, मान एका बाजूला. ती एवढंच म्हणाली, "हिला कुठं लिहिता येतंय का बघा."

फॉर्मात तिच्यासाठी वेगळी ओळ नव्हती. मी समासात लिहिलं: नाव, वय, शाळेच्या पटावर नाही. शिबिर संपल्यावर तो समास घेऊन गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण कचेरीत गेलो. बाबा, तिथे तुमची आठवण झाली, कारण तोंडी सांगितलेलं कुणी मनावर घेईना. अर्ज लिहून आवक क्रमांक घेतला तेव्हा कुठे खुर्ची हलली. विशेष शिक्षक तिच्या घरी जायला लागले. शाळेपर्यंत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत घरी जाऊन शिकवण्याची सोय आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढे तपासणी शिबिरातून तिला सीपी चेअर मिळाली, म्हणजे मान आणि कंबर धरून ठेवणारी खुर्ची. तिचा पहिला फोटो तिच्या आईने मला पाठवला. त्यात ती जेवताना दारातून बाहेर बघतेय. तोवर तिने जेवताना फक्त आढं पाहिलं होतं, कारण झोपवूनच भरवायचे.

आई, तू मागे विचारलंस की दिवसभर तिथे करता तरी काय, अक्षरं तर येत नाहीत त्यांना. एक उदाहरण देतो. आमच्या सरावाच्या वर्गात चौदा वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला शर्टाचं बटण लावायला शिकवायचं होतं. आपल्याला ते एक काम वाटतं. आम्ही त्याच्या पायऱ्या पाडून कागदावर लिहितो: डाव्या हाताच्या बोटांनी काज शोधणं, उजव्या चिमटीत बटण धरणं, ते तिरकं करणं, काजात घुसवणं, पलीकडून बाहेर आलेली कड पकडणं, ओढणं. आणि शिकवायला सुरुवात शेवटच्या पायरीपासून करतो. बाकी सगळं मी करायचं, त्याने फक्त ओढायचं. ओढलं की बटण लागलेलं असतं आणि ते त्याने लावलेलं असतं. ते जमलं की एक पायरी मागे जायचं. मोठ्या बटणाच्या पाटीवर कित्येक आठवडे गेले, मग कोट, मग शर्ट. एका सोमवारी तो आला तो एक काज चुकवून. शर्ट एका बाजूने वर, एका बाजूने खाली. मी त्याच्या आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "दिसलं मला. मुद्दाम तसंच आणलंय. रिक्षात सगळ्यांना दाखवलं." याआधी ती त्याला वर्षभर टी-शर्टच घालायची, कारण सकाळी वेळ नसतो. तिच्या सकाळी मी पाहिल्यात. तिला कोण काय बोलणार?

या आयांशी बोलता बोलताच पालकांची शनिवारची बैठक सुरू झाली. आमच्या अभ्यासक्रमात पालकांचं समुपदेशन असा भाग असतो, त्याची वही भरावी लागते. मला वही भरण्यापुरतं ते करायचं नव्हतं. प्रत्येक आई तेच प्रश्न वेगवेगळ्या फाटकाशी उभी राहून विचारत होती. मुलीची पाळी सुरू झाल्यावर काय करायचं, मुलगा मोठा झालाय आणि रस्त्यात अनोळखी बायकांना मिठी मारतो, आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, आमच्यामागे याचं कोण बघणार. मला वाटलं, या एकमेकींना का विचारत नाहीत? पाळीचं तर ज्या आईने दोन वर्षं आधी हे निभावलंय तिला माझ्यापेक्षा शंभरपट जास्त कळतं.

बैठक कशी चालवायची हे मला कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही. नेतृत्वविकासाची एक कार्यशाळा झाली होती, त्यात आम्ही डोळे बांधून एकमेकांना खोलीभर फिरवलं. मला आठवत होता आपल्या ओट्यावरचा बचत गट. आई, तू अध्यक्ष होतीस तेव्हा खुर्ची असूनही सतरंजीवर बसायचीस. मागच्या महिन्याचं इतिवृत्त दर वेळी वेगळ्या बाईला वाचायला लावायचीस आणि जिला वाचता येत नसे तिला हप्ते मोजायला द्यायचीस. आणि सगळं सुरळीत चालू असताना तू अध्यक्षपद सखूमावशीला दिलंस, तेव्हा बाबा चिडले होते, की तिला सही सोडून काही येत नाही. तू म्हणालीस, "येईल की." तेव्हा मी शाळेत होतो. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

तर मी सतरंजी आणली. बैठक मी चालवत नाही, भाजीचा गाळा असलेली एक आई चालवते. तिच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे, तोही गाळ्यावर मिरच्या निवडायला बसतो. तिच्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत आणि शुक्रवारी रात्री ती प्रत्येकीला फोन करून "येतेस ना" विचारत नाही, "येताना काय आणतेस" विचारते. आता बाप लोकही येतात, सुरुवातीला दाराशी उभे राहायचे. मला तिथे बहुतेक वेळ मुलांना सांभाळायचं काम असतं. एकदा मी त्यांना मुंबईच्या जय वकील शाळेची गोष्ट सांगितली, की १९४४ साली एका पारशी आई-वडिलांनी आपल्या मुलीसाठी ती सुरू केली आणि तिचंच नाव शाळेला दिलं. भाजीवाली म्हणाली, "पारशी होते, पैसा असेल. पुढचं बोला, कार्डाचं काय झालं?"

आणि कार्डापाशीच आम्ही अडकलोय. म्हणून बाबा, हे पत्र.

२०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय. ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र असलं की बरंच काही मिळतं: सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षण, एसटीच्या तिकिटात सवलत, दहावीला लेखनिक आणि जादा वेळ. निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. पण या सगळ्याच्या दाराशी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र आहे आणि त्या कार्डाच्या दाराशी कागद. आधारवर आडनाव एक, बोनाफाइडवर दुसरं. जन्मतारखेत महिना-दिवस उलटे. रेशनकार्डात मुलाचं नावच नाही, कारण तेव्हा सासऱ्यांनी लिहू दिलं नाही. एक आई मुलाला घेऊन सरकारी दवाखान्यात दिवस घालवून परत आली, एका झेरॉक्ससाठी. तिथल्या घोंगाटात मुलगा दिवसभर कानावर हात दाबून बसला होता.

दुसरं त्याहून अवघड. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान. आई-वडिलांना वाटतं आपण आहोतच पालक, पण बँकेत खातं चालवायला गेलं की तिथला माणूस कागद मागतो. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात कायदेशीर पालक नेमायची सोय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. आमच्या गटातल्या चार-पाच घरांत मुलं अठराच्या पुढे गेलीत आणि अर्ज कुणाचाच झालेला नाही. "आमच्यामागे कोण" या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर त्या अर्जात आहे.

बाबा, मला कायदा सांगता येतो. अर्ज लिहिता येत नाही, तुमच्यासारखा तर नाहीच. कुठला दाखला आधी काढायचा म्हणजे पुढचे दोन आपोआप निघतील, प्रतिज्ञापत्र कुठे लागतं आणि कुठे नुसतं स्वयंघोषणापत्र चालतं, पोच न देणाऱ्या बाबूसमोर किती वेळ न बोलता उभं राहायचं, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे आणि निवृत्तीनंतर तुम्ही ते सोसायटीच्या पाणीपट्टीवर खर्च करताय. महिन्यातून एक शनिवार या. एक टेबल देतो, पंखा आहे. भाजीवालीला मी सांगितलंय की वडील पंचायत समितीत वरिष्ठ लिपिक होते. तेव्हापासून ती मला विचारते, "साहेब कधी येतायत?" मला ती अजून अरे-तुरे करते.

आई, तूही ये, आणि नुसती सोबतीला नको. दोघी-तिघींना पापड-मसाल्याचं काहीतरी सुरू करायचंय, म्हणजे मोठ्या मुलांना पाकिटं भरायचं, वजन करायचं काम मिळेल. हिशेब कसा ठेवायचा यावरून आत्ताच रुसवेफुगवे झालेत. मी मध्ये पडलो नाही. ते तुझं खातं.

पुढच्या शनिवारी कोरेगावहून पहिली एसटी धरलीत तर बैठकीआधी जेवण होईल. तुम्हा दोघांनाही अर्धं तिकीट आहे, तेव्हा खर्चाचं कारण सांगू नका. बाबांनी गुडघ्याचा पट्टा आणि आधार कार्ड दोन्ही घ्यावं. स्वारगेटला मी येतो. पीठ आणू नकोस, इथे खाली गिरणी आहे.

तुमचा,
सुहास

ता. क. बाबा, जुनं स्टॅम्पपॅड अजून ओलं असेल तर घेऊन या. इथे अंगठ्यासाठी दर वेळी पेनाची शाई लावावी लागते.