शुक्रवारच्या पाण्याबद्दल दोन ओळी जास्त छापा

महोदय,

'गुरुवारी पाणी बंद. शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणीपुरवठा' ही बातमी आपल्या दैनिकात अधूनमधून येते. पुण्यातल्या पर्वती, वडगाव नाहीतर वारजे जलकेंद्रातले देखभालीचे काम आणि खाली भागांची लांबलचक यादी. मी प्लंबर आहे. शुक्रवारी दुपारनंतर फोन कुठून येणार, हे मला त्या यादीवरून कळते. पूर्वी तक्रार असायची 'नळाला धार नाही' अशी. आता त्याच्या जोडीला दुसरी आली आहे: 'डिशवॉशर चालू होतो, पण पाणीच घेत नाही.' २०२० च्या लॉकडाउनमध्ये भांडीवाल्या मावशींचे येणे बंद झाले, तेव्हापासून ही यंत्रे सहकारनगर, बिबवेवाडी, सिंहगड रस्ता या माझ्या भागात बरीच वाढली आहेत.

माझी आपल्याला विनंती आहे की, त्या बातमीच्या खाली दोन ओळी जास्त छापाव्यात: 'गुरुवारी रात्री वॉशिंग मशिन आणि डिशवॉशरचे कॉक बंद ठेवा. शुक्रवारी पाणी आल्यावर आधी साधा नळ पूर्ण सोडा, पाणी स्वच्छ आणि सलग येऊ लागले की मगच यंत्राचे कॉक उघडा.'

कारण सांगतो. पाणी बंद असले की सोसायटीची गच्चीवरची टाकी तळापर्यंत उतरते. तळाशी साचलेला गाळ अशा वेळी लाइनमध्ये उतरतो आणि रिकाम्या पाइपात हवा धरते. नळाला ते दिसते, आपण दोन मिनिटे गढूळ पाणी सोडून देतो. यंत्राचा कॉक मात्र कायम उघडाच असतो. इनलेट पाइप यंत्राला किंवा कॉकला जिथे जोडतात, तिथे नखाएवढी बारीक जाळी असते. सगळा गाळ तिथे अडतो. यंत्र ठरलेला वेळ पाण्याची वाट पाहते, ते पुरेसे आले नाही की थांबते आणि नळाचे चित्र किंवा कोड दाखवते. म्हणजे यंत्र आपले काम चोख करत असते.

सहकारनगरमध्ये चौथ्या मजल्यावर एका काकूंकडे सिंकचा नळ दुरुस्त करायला गेलो होतो. शेजारी डिशवॉशर बंद पडलेला. कंपनीकडून आलेल्या माणसाने 'कार्ड गेलंय', म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड बिघडलाय, म्हणून काही हजारांचा खर्च सांगितला होता. काकू म्हणाल्या, 'अहो, दीड वर्षात गेलं?' मी म्हटले, 'काकू, पैसे भरू नका, आधी पाणी बघू.' प्लग काढला, अँगल कॉक बंद केला, खाली ताट धरून पाइप सोडवला आणि चिमट्याने जाळी ओढून काढली. तिच्यावर चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी थर आणि मध्ये टेफ्लॉन टेपचा पांढरा धागा. हा धागा नवीन फिटिंग करताना आमच्याच धंद्यातला कोणीतरी सोडतो. जाळी जुन्या ब्रशने नळाखाली धुतली, वॉशर नीट बसवून पाइप हातानेच आवळला. यंत्राने पाणी घेतले. त्या माणसाने पाइप सोडवूनही पाहिला नव्हता, याचा मला फार राग आला. काकू पेन्शनवर राहतात.

बोअरचे किंवा टँकरचे पाणी असेल तर जाळीवर क्षारही धरतात. तिथे जाळी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवावी. जाळी फाटली तर दुसरी आणावी, तिच्याशिवाय यंत्र चालवू नये. काही यंत्रांच्या पाइपाला कॉकच्या टोकाशी जाड डबी असते. तिच्यात विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. तो पाइप कापून लांब करायचा नाही आणि डबी पाण्यात बुडवायची नाही.

जाळी स्वच्छ असूनही यंत्र पाणी घेत नसेल, तर दाब पाहावा. पुण्यातल्या वरच्या मजल्यांचे खरे दुखणे हेच आहे. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. टाकी गच्चीवरच टेकलेली असेल, तर शेवटच्या मजल्यावरच्या सिंकखालच्या कॉकपासून तिचा तळ जेमतेम तीन मीटर वर असतो, म्हणजे ०.३ बार. त्यातलाही काही भाग पाइपच्या वळणांत जातो. यंत्रांच्या पुस्तिकेत मात्र किमान ०.३ किंवा ०.५ बार लिहिलेले असते, काहींत मिनिटाला १० लिटर प्रवाहही मागितलेला असतो. हे तपासायला बादली आणि घड्याळ पुरते: पाइप काढून कॉक पूर्ण उघडा आणि मिनिटभरात किती पाणी येते ते बघा. कमी पडत असेल तर टाकीनंतरच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवता येतो, अर्थात सोसायटीला विचारून. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणे बेकायदा आहे, आणि त्याने खालच्या घराचे पाणी तुटते.

एक चूक आपल्याकडे फार होते. ड्रेन पाइप सरळ खाली मोरीच्या जाळीत सोडून देतात. मग यंत्रात आलेले पाणी तसेच ओढले जाऊन निघून जाते आणि घरच्यांना वाटते पाणी भरतच नाही. तो पाइप पुस्तिकेत दिलेल्या उंचीवरून नेऊन मगच खाली सोडावा.

यंत्र पाणी घेत नाही आणि आतला पंप मात्र थांबत नाही, असे झाले तर तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचले आहे असे समजावे. तिथला फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा तुकडा, त्या पाण्याने वर उचलला गेला की नवे पाणी बंद होते. हाताने भांडी घासायचा साबण वापरला की फेस उतू जाऊन असे होते. तेव्हा प्लग काढून, कॉक बंद करून मेकॅनिकच बोलवावा. व्हॉल्व्ह, दाराचा लॉक, कार्ड ही कामेही त्याचीच, पण पाणी तपासल्यानंतरची.

यंत्र विकणाऱ्यांनाही या पत्रातून सांगणे आहे. ऑर्डर घेताना मजला आणि टाकीची उंची विचारा. बसवायला येणाऱ्या माणसाने बादली लावून प्रवाह मोजावा आणि तो आकडा वॉरंटी कार्डवर मराठीत लिहून द्यावा, म्हणजे पुढे वाद राहणार नाही. ग्राहकांनी पार्ट बदलायला होकार देण्यापूर्वी दोष लेखी मागावा, आणि बदललेला जुना पार्टही दाखवायला सांगावा. कोणी टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, त्यावर मराठीतूनही बोलता येते.

आपला,
एक प्लंबर, धनकवडी, पुणे